करपा न लागणारं बियाणं कुणाचं?



वनहक्काच्या दाव्यांची पडताळणी गावोगाव चालू आहे. पडताळणीला येणाऱ्या साहेबांचं एक बोलणं ठरलेलं असतं. "या उतारावर पिकतं काय? नागली आणि वरई. चार पोत्यांसाठी कशाला एवढी जमीन अडवून धरता?" आपली माणसं खाली मान घालून उभी राहतात. आपल्यातलीही शिकलेली पोरं मागे म्हणतात, "खरंच की, काय ठेवलंय त्या नागलीत?"

या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे, आणि ते नुसतं घोषणेनं देऊन भागणार नाही. म्हणून या अंकात आम्ही एकाच गोष्टीवर बोलणार आहोत. ती गोष्ट म्हणजे पिकाचा रोग. करपा, तांबेरा, केवडा. हे रोग न लागणारं बियाणं शास्त्रज्ञ कशातून तयार करतात, ते आपण नीट समजून घेऊ. मग साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

करपा म्हणजे काय

करपा आपल्याला कुणी शिकवायला नको. भाताच्या पानावर डोळ्यासारखे ठिपके पडतात, मधे राखेचा रंग आणि कडेनं तपकिरी. ढगाळ हवा, बारीक पाऊस आणि रात्रीचं दव असलं की चार दिवसांत वावर भाजल्यासारखं दिसतं. लोंबी निसवल्यावर करपा मानेवर आला तर मान काळी पडते, लोंबी मोडते आणि दाणा भरतच नाही. खळ्यावर झोडपल्यावर नुसता पोचटा उडतो. नागलीलाही करपा असाच लागतो. पान, मान, कणीस, सगळीकडे. कणसाची बोटं वरून खाली वाळत जातात.

हा रोग बुरशीचा आहे. भिंतीवर ओल आली की जी वाढते, शिळ्या भाकरीवर जी येते, तिच्याच जातकुळीतली. तिचं बी धुळीहून बारीक असतं आणि वाऱ्यावर उडतं. गव्हाच्या तांबेऱ्याचं बी तर शेकडो मैल जातं. आग्र्याचे प्रोफेसर के. सी. मेहता यांनी फार वर्षांपूर्वी शोधून काढलं की, मैदानातला तांबेरा उन्हाळ्याच्या तापानं मरतो. पण हिमालय आणि निलगिरीसारख्या थंड डोंगरांवर तो जगून राहतो आणि हंगाम आला की तिथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो. म्हणजे या रोगाला हद्द नाही, कुंपण नाही, चेकपोस्ट नाही.

औषध मारून बुरशी आटोक्यात आणता येते. पण औषधाला पैसा लागतो, पंप लागतो, पंपाला पाणी लागतं. ज्या डोंगरावर आपण प्यायचं पाणी डोक्यावरून नेतो, तिथं फवारणीचं पाणी कोण नेणार? आणि चार पोत्यांच्या पिकावर हजाराचं औषध कोण मारणार? म्हणून गरिबाच्या शेतात रोगावर एकच उपाय खरा. बियाण्याच्या अंगातच ताकद पाहिजे. दाण्याबरोबर फुकट येणारी, पोराकडून नातवाकडे जाणारी. शास्त्रज्ञ तिला प्रतिकारशक्ती म्हणतात.

ही ताकद येते कुठून

आता मुद्द्याची गोष्ट. ही प्रतिकारशक्ती कुठल्या कारखान्यात तयार होत नाही. शास्त्रज्ञ ती नव्यानं बनवत नाहीत. ते ती शोधतात. आणि शोधायला कुठं जातात? जुन्या वाणांकडे, रानटी गवतांकडे, डोंगरातल्या गरीब माणसाच्या शेताकडे.

पहिलं उदाहरण आपल्याच राज्यातलं. कृष्णेच्या काठाला, सांगली-साताऱ्याकडे आणि खाली कर्नाटकात खपली गहू पेरतात. जुना गहू. झोडपला तरी दाणा सालीतून सुटत नाही, कांडावा लागतो. म्हणून नव्या जाती आल्यावर लोकांनी तो बराचसा सोडला. पण या खपलीच्या अंगात तांबेऱ्याला न जुमानण्याची ताकद होती. अमेरिकेत स्टॅकमन नावाच्या शास्त्रज्ञानं तांबेऱ्याच्या वेगवेगळ्या जाती ओळखण्यासाठी जगातले १२ गहू निवडले, त्यातला एक खपली. १९२२ साली छापलेल्या त्या यादीत नावही खपली असंच आहे. पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाऊस नावाच्या शास्त्रज्ञानं खपलीचा तिथल्या गव्हाशी संकर केला. त्यातून तांबेरा अडवणारी जी जनुकं जगाला मिळाली, त्यातल्या एकाला एसआर-१३ म्हणतात. ज्या शेतकरी बायांनी पिढ्यान्‌पिढ्या उखळात खपली कांडली आणि तिचं बी सांभाळलं, त्यांचं नाव कुठल्या यादीत आहे?

दुसरं उदाहरण तुर्कस्तानचं. १९४८ साली जॅक हार्लन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तिथल्या एका मागास भागातून गव्हाचं थोडं बी गोळा केलं. गहू दिसायला अगदी दरिद्री. उंच, बारीक काडीचा, वाऱ्यानं आडवा पडणारा, पाव नीट न होणारा. कुणीही म्हटलं असतं, टाकून द्या. जवळपास १५ वर्षं ते बी नुसतं पडून होतं. मग अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळ्या तांबेऱ्यानं गहू धुऊन न्यायला सुरुवात केली. तेव्हा तपासलं तर हा दरिद्री गहू पिवळ्या तांबेऱ्याच्या ४ जातींना आणि काणी रोगाच्या डझनावारी जातींना दाद देत नव्हता. तेव्हापासून त्या भागातल्या गव्हाच्या सुधारणेत तो बाप म्हणून वापरला गेला. आज तो १७८३८३ या नंबरानं ओळखला जातो. ज्याच्या वावरात तो उभा होता, त्याला कुणी ओळखत नाही.

तिसरं भाताचं. व्हिएतनाममध्ये टेटेप नावाचा एक जुना भात आहे. करप्याविरुद्ध जगभर त्याचा उपयोग झाला. आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनीही त्यातलं करपा अडवणारं जनुक शोधून काढलं आणि वापरलं.

आणि चौथं आपल्या नागलीचं. नागली मुळात आफ्रिकेच्या डोंगरांतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि आपली झाली. कर्नाटकात सी. एच. लक्ष्मणय्या या शास्त्रज्ञानं आपल्याकडच्या नागलीचा आफ्रिकेतल्या नागलीशी संकर केला. इंडिया आणि आफ्रिका ही दोन नावं जोडून त्या वाणांना इंडाफ म्हटलं. त्यातल्याच एका वाणाचा आफ्रिकन नागलीशी पुन्हा संकर करून करप्याला टिकणारी जीपीयू २८ ही जात निघाली. म्हणजे आफ्रिकेतल्या डोंगरातल्या आपल्यासारख्याच बायांनी जे दाणे राखले, त्यांनी इथल्या शेतकऱ्याचं पीक वाचवलं.

चारही ठिकाणी एकच दिसतं. ज्याला मागास म्हटलं, ज्याला कमी उताऱ्याचं म्हटलं, त्याच्याच दारात शेवटी भीक मागायला यावं लागलं.

आम्ही शास्त्राच्या विरोधात नाही

कुणी म्हणेल, तुम्ही संघटनावाले शास्त्राला शिव्या देता. तसं नाही. संकर करणं हे कष्टाचं काम आहे, आम्ही त्याची किंमत जाणतो. भाताचं फूल केवढं असतं ते तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी त्याचं टोक बारीक कात्रीनं कापायचं, आतले सहाही नर भाग काढून टाकायचे, वर कागदी पिशवी बांधायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. जे दाणे धरतात ते पेरायचे. मग त्यांच्या कडेनं मुद्दाम रोगट वाणाच्या ओळी लावायच्या, म्हणजे रोग भरपूर येईल. त्यात जी झाडं हिरवी राहिली ती निवडायची. असं आठ-दहा वर्षं करायचं, तेव्हा एक जात हाती लागते.

आपल्या बायाही हेच करत आल्या. कापणीच्या आधी वावरात फिरून न करपलेली, भरगच्च, ठसठशीत कणसं वेगळी खुडायची. ती वेगळी झोडायची, वेगळ्या कणगीत किंवा शिंकाळ्यात राखेत घालून ठेवायची. पांढऱ्या नागलीला करपा जास्त लागतो आणि काळसर-तपकिरी नागली तग धरते, हे जुन्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. शास्त्रज्ञही आता तेच सांगतात. फरक इतकाच की त्यांच्याकडे कात्री, पिशवी आणि पगार आहे. आपल्याकडे नजर आणि कणसरीची आण आहे.

जुनं ते सगळं सोनं, असंही आम्ही म्हणत नाही. जुन्या वाणांतही करप्याला बळी पडणारे कितीतरी आहेत. उतारा कमी देणारे आहेत. तुर्कस्तानचा गहू एका रोगाला टिकला, पण दुसऱ्या तांबेऱ्याला पडत होता. मोल कुठल्या एका जुन्या वाणाचं नाही. मोल आहे पुष्कळ वाण असण्याचं. कुठल्या वाणात कुठल्या रोगाचं उत्तर दडलंय, ते रोग येईपर्यंत कुणालाच कळत नाही. ना साहेबाला, ना आपल्याला.

एकाच वाणाची खोड

शास्त्राची खोड मोडली ती इथं. एक चांगला वाण सापडला की तोच सगळीकडे पेरायचा. बाकीचे हटवायचे.

बुरशी गप्प बसत नाही. एक जनुक म्हणजे दाराला लावलेलं एक कुलूप समजा. बुरशीच्या कोट्यवधी पिलांतल्या एखाद्याला त्या कुलपाची किल्ली जमतेच. गावात प्रत्येक घराला वेगळं कुलूप असेल तर चोर एकाच घरात शिरेल. पण सगळ्या घरांना एकच कुलूप असेल तर? एका रात्रीत गाव साफ.

हे घडून गेलेलं आहे. आपल्या देशात १९६५ साली संकरित बाजरी आली, एचबी-१. तिची आई अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तयार केलेली, टिफ्ट २३ए नावाची. त्यानंतर जे संकरित वाण निघाले, त्यातल्या कितीतरींची आई तीच. सुरुवातीला पीक जोरात आलं. मग १९७१ साली केवडा आला. याला काही भागांत गोसावी म्हणतात. कणसात दाण्याच्या जागी पानांचा झुपका येतो. लेकी अनेक होत्या, पण आई एक. म्हणून सगळ्या एकदम पडल्या. देशाचं बाजरीचं उत्पादन त्या वर्षी धाडकन खाली आलं. पुढे केवड्याला टिकणारी बाजरी कुठून मिळाली? आफ्रिकेतल्या नायजेरियात वेगवेगळ्या बाजऱ्यांची मिसळ करून ठेवली होती, तिच्यातून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं डब्ल्यूसी-सी७५ ही जात काढली. १९८२ साली ती शेतकऱ्यांना मिळाली. पुन्हा तेच. पुष्कळ वाणांच्या मिसळीनंच वाचवलं.

अमेरिकेतही हेच झालं. तिथं संकरित मक्याचं बी करताना आईच्या ओळीतले तुरे हातानं खुडावे लागत. ती मजुरी वाचावी म्हणून कंपन्यांनी टेक्ससमधली अशी आई वापरायला घेतली की जिच्या तुऱ्यात परागच नाहीत. मजुरांची सुट्टी झाली. १९७० सालापर्यंत देशातला बहुतेक मका त्या एकाच आईचा झाला. आणि त्याच साली पानावरच्या करप्यासारख्या बुरशीनं देशाचं सुमारे १५ टक्के मक्याचं पीक खाल्लं. एवढा मोठा देश, एवढं मोठं शास्त्र, आणि एका बुरशीनं गुडघ्यावर आणलं. कारण मजुरी वाचवायची होती.

गव्हाचंही तसंच. राय नावाच्या धान्यातून घेतलेलं एसआर-३१ हे जनुक जगभरच्या गव्हात घातलं गेलं. कितीतरी वर्षं ते टिकलं. मग १९९८-९९ च्या सुमाराला युगांडात तांबेऱ्याची अशी जात निघाली की तिनं ते कुलूप उघडलं. तिला युजी-९९ म्हणतात. ती केनिया, इथिओपिया, येमेन करत २००७ साली इराणपर्यंत आल्याचं सांगितलं गेलं. तेव्हा शास्त्रज्ञांनी पुन्हा जुन्या चोपड्या उघडल्या. या नव्या तांबेऱ्याला जी थोडी जनुकं अडवतात त्यात एक आहे एसआर-१३. आपल्या खपलीतलं. उखळात कांडणाऱ्या बायांचं.

फ्रीजमधलं बी आणि वावरातलं बी

आता साहेब म्हणतील, "काळजी करू नका. जुन्या वाणांचं बी आम्ही बँकेत जपून ठेवलंय." खरं आहे. देशोदेशी बियाण्यांच्या बँका आहेत. २००८ साली नॉर्वे देशानं तर उत्तर ध्रुवाकडे बर्फाच्या डोंगरात बोगदा खणून जगाचं बी ठेवायला कोठार उघडलं. अशी कोठारं असावीत, आमची हरकत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली. फ्रीजमधलं बी झोपलेलं असतं. ते ज्या साली ठेवलं त्या सालात थांबतं. बाहेर रोग दर पावसाळ्यात बदलतो. वावरातलं बी दर साली रोगाला तोंड देतं, पडतं, उठतं, आणि जे टिकतं तेच पुढच्या साली पेरलं जातं. उतारावर, कमी मातीत, धुक्यात, जास्त पावसात टिकणारं बी उतारावर पेरूनच टिकतं.

दुसरी. फ्रीजची किल्ली कुणाकडे? छत्तीसगडात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव फिरून भाताच्या १९,००० च्या आसपास नमुन्यांचा संग्रह उभा केला. ते सगळे आदिवासी आणि लहान शेतकऱ्यांनी राखलेले वाण. तो संग्रह पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडे गेला. २००२ साली विद्यापीठानं सिंजेंटा या परदेशी कंपनीबरोबर त्या भातांवर काम करायचा करार केल्याचं बाहेर आलं. ज्यांचं बी, त्यांना विचारलंसुद्धा नाही. लोक रस्त्यावर आले, ओरड झाली आणि कंपनीला मागे सरावं लागलं. साथींनो, हे लक्षात ठेवा. तिथं बियाणं वाचलं ते फ्रीजमुळे नाही, लोक उठले म्हणून.

जमीन गेली की बी गेलं

आता आपल्या डोंगराकडे या. पेठ-सुरगाण्यापासून जव्हार-मोखाड्यापर्यंत बघा. खाली खाचरात हळवा, निमगरवा, गरवा भात. वर उतारावर राब भाजून नागली आणि वरई. कडेनं उडीद, तूर, खुरासणी. एका घरात पाच-सात प्रकारचं बी. शेजारच्या घरात त्याहून वेगळं. पाहुणा आला की बी मागतो, पोरगी सासरी जाताना बी नेते. साहेबांना हा गोंधळ वाटतो. आम्ही म्हणतो, हीच प्रत्येक घराची वेगळी कुलपं.

चीनमध्ये युनान प्रांतात हे करून पाहिलं गेलं. करप्याला लवकर पडणारा चिकट भात त्यांनी एकटा न लावता दुसऱ्या भाताच्या ओळींमधे लावला. हजारो हेक्टरवर, हजारो शेतकऱ्यांनी. चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला आणि दोन वर्षांत फवारणी थांबवता आली. २००० साली हे जगभर छापून आलं. मोठा शोध म्हणून कौतुक झालं. आपल्या आजीला हे सांगितलं तर ती विचारेल, "मग आधी काय एकटाच लावत होते?"

पण हे सगळं उभं आहे कशावर? उतारावरच्या त्या प्लॉटवर. दावा नामंजूर झाला, त्यावर चर खोदले, सागाची रोपं लावली, की पहिली नागली जाते. भाताचं बी दोन-तीन पावसाळे पेरलं नाही तर उगवत नाही. नागलीचा दाणा खायला वर्षानुवर्षं टिकतो, पण उगवण दर साली घटत जाते. पाच वर्षं जमीन अडली की घरातलं बी संपलं. शेजाऱ्याचीही जमीन अडलेली, मग मागायचं कुणाकडे? मग माणूस बाजारातली पिशवी आणतो किंवा वाटपात मिळालेली पेरतो. तालुकाभर एकच पिशवी, एकच वाण, एकच कुलूप. आमच्या भागात मागे असंच एका वाणाचं वाटप झालं. पुढच्या ओल्या साली खालपासून वरपर्यंत सगळी वावरं सारखीच करपली. वाटणारे पुन्हा फिरकले नाहीत. ज्या घरांनी कोपऱ्यात जुनं बी पेरलं होतं, त्यांच्याकडेच सगळा पाडा दुसऱ्या साली बी मागायला गेला.

म्हणून साहेबांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. या उतारावर चार पोती नागली पिकते. तिच्याबरोबर रोगाला टिकणारं बियाणंही पिकतं, आणि ते तुमच्या कुठल्याच कागदावर पोत्यानं मोजलं जात नाही. उद्या तुमच्या बागायती पट्ट्यातल्या पिकाला नवा रोग येईल, तेव्हा शास्त्रज्ञ कुठं जातील? आपल्याच दारात येतील. तेव्हा दार उघडायला इथं कुणी असलं पाहिजे आणि दारामागे वावर असलं पाहिजे. आमची जमीन अडवणारा माणूस तुमच्याही भाकरीच्या मुळावर उठलेला आहे.

कायदा आपल्या बाजूला काय म्हणतो

२००६ च्या वनहक्क कायद्यात फक्त प्लॉटचा हक्क नाही. कलम ३ मध्ये जैवविविधतेचा आणि तिच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर, बौद्धिक संपदेवर गावाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. सामूहिक दाव्याच्या नमुन्यात त्यासाठी वेगळी ओळ आहे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक दाव्यांत ती ओळ कोरी सोडलेली आहे किंवा तिच्यावर रेघ मारलेली आहे.

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपलं बी राखायला, पेरायला, बदलायला, वाटायला आणि विकायला हक्क आहे. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. शेतकऱ्याचा जुना वाण त्याच्या किंवा गावाच्या नावानं नोंदवता येतो. जो जुने वाण आणि त्यांचे रानटी भाऊबंद राखतो, त्याला जनुक निधीतून बक्षीस द्यायचं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावात समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. कागदावर सगळं आहे. कागद आपोआप चालत नाही, त्याला ढकलावं लागतं.

या हंगामात काय करायचं

एक. प्रत्येक पाड्यावर बियाण्याची यादी करा. वाणाचं आपल्या बोलीतलं नाव, हळवं की गरवं, कुठल्या मातीत येतं, करपा लागतो की नाही, कुणाच्या घरी आहे, किती वर्षांपासून. ही यादी बायांनी सांगायची आणि पोरांनी लिहायची. ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यायची. एक प्रत गावात, एक संघटनेत.

दोन. सामूहिक दाव्यातली जैवविविधतेची ओळ कोरी सोडू नका. ही यादी तिला जोडा. दावा आधी गेला असेल तर ग्रामसभेच्या ठरावासह पुरवणी द्या आणि पोच घ्या.

तीन. वैयक्तिक दाव्यात म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, तो दावेदार सोडून दुसऱ्याचा असावा लागतो. त्या जबाबात नुसतं "पूर्वीपासून कसतात" असं लिहू नका. कुठल्या उतारावर कुठली नागली, कुठली वरई, कुणाच्या बापाच्या वेळेपासून, राब कुठं भाजायचे, ते लिहा. ज्या शेतात एक वाण तीस-चाळीस वर्षं राखला गेला, ते शेत १३ डिसेंबर २००५ च्या आधीचं आहे हे सांगायला आणखी काय पाहिजे?

चार. बी मागायला कुणी आलं, संस्था असो, विद्यापीठ असो की कंपनी, तर एकट्यानं देऊ नका. पाहुण्याला, सोयऱ्याला, शेजारच्या पाड्याला द्या, खुशाल द्या, तो आपला धर्मच आहे. पण बाहेरच्याला ग्रामसभेच्या ठरावाशिवाय मूठभरही नाही. कशासाठी नेता, कुठं ठेवणार, गावाला काय परत देणार, हे लेखी घ्या. चांगल्या मनानं येणाऱ्या शास्त्रज्ञाला यात अडचण वाटायचं कारण नाही.

पाच. नवी जात वापरून बघायची असेल तर बघा, पण एका कोपऱ्यात. घरचं बी दर साली थोडं तरी पेरा. ज्याची जमीन अडली आहे त्याचं बी शेजाऱ्यानं आपल्या वावरात दोन ओळी लावून जिवंत ठेवावं. ही मदत पैशाच्या मदतीपेक्षा मोठी आहे.

सरकारकडे आमची मागणी एवढीच. उतारावरच्या शेतीचे दावे "उत्पन्न कमी" या कारणानं नामंजूर करणं थांबवा. कायद्यात तसं कारण कुठेही नाही. वाटपात एकच वाण लादणं थांबवा. गावाच्या बियाण्यावर काम करायचं असेल तर गावात या, ग्रामसभेपुढे बसा, निवडीच्या कामात आमच्या बायांना बरोबरीनं घ्या आणि मजुरीही द्या.

नवं धान्य खाण्याआधी आपण पहिला घास कणसरीला ठेवतो. या साली तो ठेवताना घरात किती प्रकारचं बी आहे ते मोजा आणि आकडा ग्रामसभेत सांगा. पुढच्या अंकात आम्ही पाड्यांची यादी छापू. ज्या पाड्याची यादी येणार नाही, तिथं आमची पोरं वही घेऊन येतील.

जमीन आमची, बियाणं आमचं! दोन्हीचा पट्टा एकदमच पाहिजे!

जोहार!